थांबलेल्या पाण्याचा इतिहास : द्राक्षबागेपासून अवकाश स्थानकापर्यंत

१/२०
पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेतील ठिबकची नळी आणि पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील सांडपाण्याची टाकी, या दोहोंना एकच व्याधी जडते. पाणी थांबते, आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो आणि एके दिवशी वाट बंद होते. हा थर नेमका काय आहे हे उमगायला माणसाला सुमारे तीनशे वर्षे लागली. त्याला आवरण्याचे काम अद्याप चालू आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा. लांब आहे, सावकाश वाचा.

२/२०
प्रारंभ घरापासून करतो. आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. मधल्या पावसाळ्यात ठिबकला फारसे काम नसते. मागील वर्षी आमच्या बागेतील संच जवळजवळ तीन महिने बंद राहिला आणि नळ्यांत पाणी तसेच साचून राहिले. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली, डोळ्यांना पेस्ट लागली, मोटर सुरू केली. तर एका बाजूच्या ओळींत निम्मे ड्रीपर कोरडे. फूट एकसारखी निघण्यासाठी नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

३/२०
वडिलांनी खिशातला चाकू काढला आणि नळी उभी चिरली. आत तपकिरी, बोटाला चिकटणारा लेप होता. ते एवढेच म्हणाले, “पाणी थांबलं की असंच होतं. पावसाच्या आधी नळ्या धुऊन रिकाम्या करायला पाहिजे होत्या.” ते काम माझ्याकडे होते. परीक्षेचे निमित्त सांगून मी ते टाळले होते. त्या बाजूची फूट पुढे मागेपुढेच निघाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अपराधी वाटले की तो वाचू लागतो. मीही तेच केले. पुढील सारे त्या वाचनातून आलेले.

४/२०
आधी हा लेप म्हणजे काय ते पाहू. शास्त्रीय भाषेत त्याला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात. पाण्यातील जिवाणू ओल्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा आणि प्रथिनांचा चिकट मसाला स्रवतात आणि त्यात वस्ती करतात. या वस्तीत पाणी खेळण्यास वाटा असतात, निरनिराळ्या जातींचे जिवाणू शेजारी नांदतात आणि अधूनमधून काही जण सुटून पुढे नवी वस्ती वसवतात. बाहेरून ओतलेले औषध वरच्या थरातच खर्ची पडते. आतले सुरक्षित राहतात. एकट्या तरंगत्या जिवाणूला मारणारी मात्रा वस्तीतील जिवाणूला पुरत नाही. कित्येकदा ती शेकडो पटींनी वाढवावी लागते.

५/२०
हे प्रथम कोणी पाहिले? १६८३ चे साल आठवा. इकडे छत्रपती संभाजी महाराज फोंड्याच्या आघाडीवर पोर्तुगिजांशी झुंजत होते. त्याच वर्षी हॉलंडमधील डेल्फ्ट येथे आंतोनी व्हान लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी आपल्या दातांवरील पांढरट कीट खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहत होता. त्यात त्याला हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. हा वृत्तांत त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवला.

६/२०
लेवेनहूक तेथेच थांबला नाही. त्याने व्हिनेगरने चूळ भरून पुन्हा कीट तपासले. दातांवरच्या कीटात जीव अद्याप वळवळत होते; तेच कीट बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवले तेव्हा मात्र ते मेले. त्याने काढलेला निष्कर्ष असा की व्हिनेगरने केवळ बाहेरच्या बाजूचे जीव मारले, कीटाच्या आत ते शिरलेच नाही. औषध थराच्या आत पोहोचत नाही, हे बायोफिल्मचे मर्म इतक्या लवकर एका दुकानदाराच्या नोंदीत उतरले होते. पुढे मात्र ते जवळजवळ विस्मरणात गेले.

७/२०
विस्मरणाचे कारण मोठे रंजक आहे. १८८० च्या दशकात रॉबर्ट कोख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकाच जातीचे जिवाणू वेगळे काढून वाढवण्याची पद्धत रूढ केली. क्षय आणि पटकी यांच्या जिवाणूंची ओळख त्यातूनच पटली. पटकीच्या शोधार्थ कोख १८८३-८४ मध्ये कलकत्त्यालाही येऊन गेला. रोगनिदानासाठी ही पद्धत वरदान ठरली. परंतु तिने एक सवयही लावली : जिवाणू म्हणजे प्रयोगशाळेतील नळीत, पोषक रसात, एकटे वाढणारे जीव. भिंतीला चिकटून, समूहाने राहणारा जिवाणू अभ्यासाच्या कडेला पडला. साधन जे दाखवते तेच खरे मानण्याचा मोह इतिहासकारांनाही होतो, म्हणून ही नोंद.

८/२०
२० व्या शतकात चित्र हळूहळू पालटले. अमेरिकेत आर्थर हेनरिसी याने तळ्याच्या पाण्यात काचपट्ट्या बुडवून ठेवल्या आणि १९३३ मध्ये लिहिले की पाण्यातील बहुतांश जिवाणू तरंगत नसून बुडालेल्या पृष्ठभागांवर वाढतात. १९४३ मध्ये क्लॉड झोबेल याने समुद्रातील जिवाणूंबाबत पृष्ठभागाचे महत्त्व सविस्तर मांडले. १९७८ मध्ये विल्यम कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये जिवाणू चिकटतात कसे यावर लेख लिहिला, आणि त्यानंतर हा विषय खऱ्या अर्थाने विज्ञानाच्या मध्यभागी आला. म्हणजे बायोफिल्मचे आधुनिक विज्ञान चंद्रावरील पहिल्या पावलापेक्षाही वयाने लहान आहे.

९/२०
मग त्यापूर्वी माणूस काय करत होता? वाट मोठी ठेवत होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १८ व्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले गेले. ते दगडी नळ बहुतांश ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल इतके मोठे होते आणि ठरावीक अंतरावर त्यांना उच्छ्वास ठेवलेले होते. वारा खेळावा, गाळ काढता यावा, ही त्यामागची योजना. त्याआधी १७ व्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खेळवलेल्या नहरीलाही अशी तोंडे होती.

१०/२०
घरातही हाच न्याय होता. सकाळी हंड्यातील शिळे पाणी ओतून, आतून चिंच-राखेने घासून मगच नवे पाणी भरायचे, ही आपल्या आजीची शिस्त. तिने रोजच्या रोज बायोफिल्मच खरवडून टाकली असे आज आपण म्हणू शकतो. परंतु यावरून ‘पूर्वजांना जिवाणूशास्त्र अवगत होते’ असा संदेश कृपया पुढे पाठवू नका. त्यांना बुळबुळ ठाऊक होती, वास ठाऊक होता आणि उपाय ठाऊक होता. कारण ठाऊक नव्हते. अनुभव आणि सिद्धान्त यांतील हा फरक जपला तरच दोहोंचा मान राहतो.

११/२०
अडचण सुरू झाली ती वाट अरुंद झाल्यावर. सिम्चा ब्लास याच्या कल्पनेवर आधारलेले ठिबक सिंचन १९६५ पासून इस्रायलमध्ये व्यापारी स्वरूपात आले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात वेगाने पसरले. ड्रीपरमधील पाण्याची वाट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. तेथे हात जात नाही, ब्रश जात नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोनात बक्स, नाकायामा आणि गिल्बर्ट यांनी कोलोरॅडो नदीचे पाणी वापरून ठिबक का तुंबते याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तीन कारणे सांगितली : गाळ, क्षार आणि जीव. तिन्ही एकमेकांना हातभार लावतात. चिकट थर गाळ धरून ठेवतो, गाळावर क्षार बसतो.

१२/२०
जेथे हात पोहोचत नाही तेथे रसायन पाठवावे लागते. क्षारांसाठी आम्ल, ज्यात पाण्याचा सामू ४ च्या आसपास आणून नळ्या काही तास भरून ठेवतात. जिवाणूंसाठी क्लोरीन, अधूनमधून देताना साधारण १० ते २० पीपीएम. दोन्ही एकत्र कदापि नव्हे, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. शेवटी नळ्यांची टोके सोडून जोराने पाणी काढायचे, नाहीतर सुटलेली घाणच पुढचा ड्रीपर बंद करते. नाशिकच्या कोणत्याही जाणत्या बागाईतदाराला हे पाठ असते. आता हेच गणित डोक्यात ठेवून वर चला. तेथे टोके सोडायला बांधच नाही.

१३/२०
अपोलो मोहिमांत पाण्याचा प्रश्न तुलनेने सोपा होता. मुख्य यानात इंधनघटांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळे आणि सोबत शुद्ध पाणीही. तरीही ते साठवताना जिवाणूंचे भय होतेच. म्हणून अंतराळवीर पाण्याच्या यंत्रणेत क्लोरीनयुक्त द्रव टोचत; चांद्रयानात आयोडीन वापरले जाई. प्रवास दोन आठवड्यांच्या आतला. इतक्या अवधीत सांडपाणी फेकून देता येते आणि थर जाड होण्यापूर्वी माणसे घरी परततात.

१४/२०
मुक्काम वाढला तसे पाणी परत वापरणे भाग पडले. सोव्हिएत संघाने १९७५ मध्ये साल्यूत-४ स्थानकावर हवेतील बाष्प, म्हणजे माणसांचा घाम आणि उच्छ्वास, थंड करून पिण्यायोग्य करण्यास प्रारंभ केला. हीच परंपरा १९८६ पासून मीर स्थानकावर पुढे गेली. मीरवर मात्र एक धडा मिळाला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्वचित उघडल्या जाणाऱ्या तावदानामागे बास्केटबॉलएवढा पाण्याचा तरंगता गोळा सापडला. त्यात जिवाणू, बुरशी, एवढेच काय सूक्ष्म किडेही नांदत होते. गुरुत्वाकर्षण नसल्याने पाणी खाली वाहून जात नाही. जेथे साचेल तेथे वस्ती करते.

१५/२०
आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नोव्हेंबर २००८ मध्ये एंडेव्हर यानाने नासाची नवी जलशुद्धीकरण यंत्रणा पोहोचवली आणि २० मे २००९ रोजी तेथील तिघा अंतराळवीरांनी लघवीपासून परत मिळवलेले पाणी प्रथमच समारंभपूर्वक प्यायले. लघवी कुजू नये म्हणून तीत गंधकाम्ल आणि क्रोमियमचे संयुग मिसळले जाई. जिवाणूंचा प्रश्न त्याने सुटला, पण दुसरा उभा राहिला. अवकाशात हाडे झिजतात, त्यामुळे लघवीत कॅल्शियम वाढते. कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम तयार होते. २००९ मध्येच त्या साक्याने लघवीचे ऊर्ध्वपातन करणारे यंत्र बंद पाडले.

१६/२०
बागाईतदार येथे हसतील. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटयुक्त खत एकाच टाकीत मिसळू नये, हे आपल्याकडे खताच्या दुकानातच बजावतात. नासाने आधी पाणी परत मिळवण्याचे प्रमाण कमी करून काम भागवले आणि पुढे गंधकाम्लाऐवजी फॉस्फरिक आम्ल वापरण्यास सुरुवात केली. दोन्हीकडचे माणसांचे ज्ञान एकमेकांपासून स्वतंत्र वाढले होते, तरी रसायनशास्त्राने त्यांना एकाच उत्तराशी आणून सोडले.

१७/२०
आणि आता मुख्य शत्रू. ऊर्ध्वपातित लघवी आणि हवेतील बाष्पाचे पाणी पुढे एका टाकीत एकत्र येते. या पाण्यात हवेतून विरघळलेली सेंद्रिय संयुगे असतात आणि जिवाणूंना तेवढा आहार पुरतो. २०१० मध्ये या टाकीतील जैविक गोळे सुटून पुढच्या झडपांत अडकले आणि प्रवाह रोखला गेला. उपाय म्हणून वाटेत गाळणी बसवावी लागली. टाकीतच जहाल रसायन का ओतू नये? कारण ओतलेले प्रत्येक रसायन पुढे पिण्यापूर्वी काढून टाकावे लागते, आणि ते काढणाऱ्या गाळण्या पृथ्वीवरून आणाव्या लागतात. शुद्ध झालेल्या पाण्यात नासाच्या यंत्रणेत आयोडीन ठेवतात, पण थायरॉइडच्या काळजीने तेही पिण्याआधी काढतात. रशियन विभागात चांदीचे आयन वापरतात. ते पिता येतात, पण धातूच्या भिंतींवर बसून पाण्यातून कमी होत जातात.

१८/२०
शत्रू तेथे निराळा वागतो का, हेही तपासले गेले. २०१० आणि २०११ मध्ये अटलांटिस यानातून स्युडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू कृत्रिम लघवीसदृश द्रवात वाढवण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अवकाशात त्याचा थर अधिक दाट झाला आणि त्याने पृथ्वीवर न दिसलेला आकार घेतला : खाली खांब आणि वर छत. २०१९ मध्ये निरनिराळ्या पृष्ठभागांवर थर कसा धरतो हे पाहण्यासाठी स्थानकावर आणखी एक प्रयोग पाठवला गेला. चिकटूच न देणारा पृष्ठभाग घडवता येईल का, हा आताचा शोध आहे. म्हणजे दिशा मारण्याकडून रोखण्याकडे वळली आहे.

१९/२०
तरीही सर्वांत कठीण प्रश्न पुढेच आहे, आणि तो मला माझ्या बागेतून कळला. अवकाश स्थानकावर २ नोव्हेंबर २००० पासून एकही दिवस माणसाविना गेलेला नाही. पाणी रोज फिरते, बिघाड झाला तर हात तेथे असतात. मे २०२४ च्या अखेरीस लघवी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा पंप निकामी झाला, तेव्हा सुनीता विल्यम्स यांच्या स्टारलायनर यानातून अंतराळवीरांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवून त्या जागी नवा पंप पाठवला गेला. मंगळाच्या वाटेवर असे काही पाठवता येणार नाही. त्यातही माणसे यान सोडून पृष्ठभागावर उतरली की मागची यंत्रणा महिनोन् महिने बंद राहील, नळ्यांत ओल तशीच राहील. परतल्यावर ती पहिल्याच दिवशी चालली पाहिजे. अभियंते या स्थितीला सुप्तावस्था म्हणतात आणि नळ्या कोरड्या कराव्यात, रसायनाने भराव्यात की पाणी अधूनमधून फिरवत ठेवावे, याचा विचार करत आहेत. आमच्याकडे तिला पावसाळा म्हणतात.

२०/२०
जून २०२३ मध्ये नासाने जाहीर केले की स्थानकावर ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. ही बातमी सर्वत्र झळकली. २०१० च्या तुंबलेल्या झडपेची मात्र कोठे मोठी बातमी झाली नाही. आपण इतिहासात उड्डाणांच्या तारखा पाठ करतो, कात्रजच्या नळाचे श्रेय पेशव्यांना देतो. त्या नळात उतरून गाळ काढणाऱ्यांची नावे बहुधा कोठे लिहिलीच गेली नाहीत. पाणी आणणे एकदा घडते, वाट मोकळी ठेवणे रोज.
यंदा मृग लागण्यापूर्वी मी बागेतील प्रत्येक नळीचे टोक स्वतः सोडले. आधी काळपट पाणी आले, मग गढूळ, मग स्वच्छ. शेवटची ओळ संपेपर्यंत अंधार पडला होता. वडील बांधावर येऊन पाहून गेले, काही बोलले नाहीत.
धागा समाप्त. आपल्या गावातील जुना नळ, हौद वा नहर आणि ती साफ करण्याची रीत ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहा.